साडेअकराचा नकाशा

आमच्या सरांना कुठलाही पत्ता विचारला की ते बंद पडलेला कारखाना सांगायचे. "स्टॉपवर उतर, सरळ ये, स्क्रूच्या कारखान्याला डावीकडं वळ, पंख्यांचा कारखाना लागला की थांब." आता स्क्रूच्या कारखान्याच्या जागी मॉल झालेला, आणि पंख्यांच्या कारखान्याच्या जागी काचेचं टेक पार्क. बंगळुरात नवीन आलेल्या माणसानं काय करावं? पहिल्या दिवशी मी के. आर. पुरमच्या पुढं भर उन्हात तासभर पंखे शोधत हिंडले. शेवटी सरांनीच मला शोधून काढलं आणि वर मलाच म्हणाले, "समोर तर उभी आहेस की. हे गेट नव्हे काय?" समोर एका कॉफी शॉपचा दरवाजा होता.

रिक्षावाल्यांशी तर त्यांचं रोज वाजायचं. रिक्षावाला फोनमधला नकाशा दाखवणार, आणि सर त्या नकाशाकडं असं बघणार जसं कुणी शिळ्या भाताकडं बघतं. "नकाशावर वेळ नसेल तर तो नुसता फोटो आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते वर्गात म्हणायचे, परीक्षकांना म्हणायचे आणि कानडीत रिक्षावाल्यांनाही म्हणायचे. रिक्षावाले मान डोलवायचे आणि मीटरच्या वर पैसे मागायचे.

सर मूळचे बेळगावचे. आर्थिक भूगोल हा त्यांचा विषय. कारखाने बंद पडले की त्या शहराचं, त्या भागाचं पुढं काय होतं, यावर त्यांनी सगळी नोकरी काढली. उंच, किडकिडीत, पांढरा हाफ शर्ट, पायात चपला आणि खांद्याला एक कापडी पिशवी. इतर प्राध्यापकांच्या पिशवीत लॅपटॉप असतो. सरांच्या पिशवीत जॅमची जुनी बाटली असायची, तिच्यात बेळगावी शेंगदाण्याची चटणी. भरपूर लसूण घातलेली. पिशवीच्या आधी वास यायचा. संस्थेच्या लिफ्टमध्ये सर शिरले की चौथ्या मजल्यापर्यंत कुणी श्वास घेत नसे.

मी पुण्याची. भूगोलात एमए केलेलं, नवऱ्याला इकडं नोकरी लागली म्हणून सर्जापूर रोडवर येऊन पडलेली. घरात बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा पीएचडीला अर्ज केला. मुलाखतीत मला वाटलं विचारतील, तुमचा सैद्धांतिक दृष्टिकोन काय. मी रात्रभर पाठ करून गेले होते. सरांनी विचारलं, "जेवलीस काय?"

मी म्हटलं, "नाही सर. आमच्याकडे दीडला जेवतात."

"दीडला," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "पेठेतली नव्हे. कोथरूडकडची. वडील बँकेत. आई नोकरी करत नव्हती, शाळा तुझी सकाळची होती, तू आल्यावर सगळे बसत होता." सगळं बरोबर. वडील दुपारी घरी जेवायला यायचे तेसुद्धा त्यांनी सांगितलं. मला वाटलं हा माणूस पत्रिका बघतो. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दुसरा गाइड बघ."

पण ती जादू नव्हती. तोच त्यांचा सिद्धांत होता. जेवणाची वेळ माणूस ठरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती कामाची जागा ठरवते. बंगळुरातल्या जुन्या कारखान्यांत पहिली पाळी पहाटे सुरू व्हायची आणि कॅन्टीनमध्ये साडेअकराला भोंगा वाजायचा. कामगार साडेअकराला जेवले की हळूहळू त्यांच्या बायका साडेअकराला जेवायला लागल्या, पोरं लागली, भाजीवाला लवकर यायला लागला, शेजारच्या देवळातली आरतीसुद्धा लवकर व्हायला लागली. मग कारखाना बंद पडला. भोंगा भंगारात गेला, जमीन बिल्डरकडं गेली. लोक म्हणाले, संपलं. सर म्हणायचे, "कुठं संपलं? साडेअकराला त्या गल्लीत जाऊन बघा की."

आणि ते खरंच जाऊन बघायचे. शहरातल्या कुठल्या घरात किती वाजता जेवतात ते नोंदवून सर एक नकाशा करत होते. समान उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषा असतात, समान तापमानाच्या असतात, तशा समान जेवणाच्या रेषा. त्यांना ते समभोजन रेषा म्हणायचे. हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा इतका गंभीर असायचा की पहिली दोन वर्षं मला हसायचं धाडस झालं नाही. जिथं साडेअकराची रेषा, तिथं मेलेला कारखाना. जमीन विकली जाते, नाव बदलतं, पण भागाला भूक जुन्या वेळेलाच लागते, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं.

आता, लोकांना विचारून खरं कळत नाही, यावर सरांचा ठाम विश्वास. "विचारलं की माणूस प्रतिष्ठेची वेळ सांगतो. एक वाजता. सगळं बंगळूर एकला जेवतं, विचारून बघ." म्हणून विचारायचं नाही, ऐकायचं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या. पंख्यांच्या कारखान्यामागच्या गल्ल्यांत आम्ही असे किती सकाळी उभे राहिलो असू. सर डोळे मिटून उभे, मी शेजारी छत्री धरून. शिट्टी झाली की सर बोट वर करायचे, मी नकाशावर टिंब द्यायची.

अशा माणसाकडं लोक काय म्हणून बघणार? त्या गल्लीतल्या बायकांनी फार विचार केला नाही. रोज येऊन कुकर ऐकतो म्हणजे कुकर दुरुस्त करणारा असणार. एक दिवस एक बाई कुकर घेऊन आली आणि सरांच्या हातात दिला. कानडीत म्हणाली, वाफ बाजूनं जाते. मी सांगायला तोंड उघडणार की बाई, हे प्राध्यापक आहेत. सरांनी डोळ्यांनी दटावलं. झाकण उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "गॅस्केट गेलंय." पुढच्या खेपेपासून त्यांच्या पिशवीत चटणीच्या बाटलीबरोबर गॅस्केटं असायची. घराघरांत पाऊल ठेवायची ही उत्तम सोय झाली. गॅस्केट बदलता बदलता ताटं दिसायची, ताटावर बसलेला माणूस दिसायचा. पंख्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा साडेअकराला एकटेच जेवत असायचे, सून बिचारी नाश्त्याची भांडी तशीच ठेवून वाढायची. सरांनी त्यांना विचारलं, आता कुठं जायचं असतं एवढ्या लवकर जेवून? आजोबा म्हणाले, "कुठं नाही. जेवून झोपतो." सर बाहेर येऊन इतके खूश की मला बाय-टू कॉफी पाजली. म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत. इतकाच हात सैल.

माझ्या सर्जापूर रोडच्या सोसायटीतही ते एकदा आले. तिथं कुकरच वाजेना. साडेअकरा, बारा, एक, दीड, कधीही बघावं तर गेटवर डिलिव्हरीच्या मोटरसायकली. कुणी तीनला जेवतंय, कुणी पाचला, एका घरात तर नाश्ता आणि जेवण एकाच पिशवीतून आलेलं. सर लॉबीत बसून बराच वेळ बघत होते. उठताना म्हणाले, "पुणेकर, हा भाग नव्हे. हा नुसता पत्ता आहे." ते मला पुणेकरच म्हणायचे. मी चिडले. त्या पत्त्याचा हप्ता आम्ही भरत होतो.

संस्थेत त्यांना सगळेच मानत नसत. आमचे विभागप्रमुख वयानं लहान, उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारे, इस्त्रीचे. त्यांनी सरांच्या संशोधनाला नाव ठेवलं होतं, खानावळ-भूगोल. ते फक्त चेष्टेत म्हणायचे असं नाही. सरांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरी कुणी नव्हतं. तेव्हा हे महाशय चहाच्या वेळी म्हणायचे, बायको गेल्यावर एका प्राध्यापकानं जेवणाची सोय कशी केली बघा, सरकारी खर्चानं. हे सरांच्या कानावर यायचं. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवसापासून ते चटणी न घेता कुणाच्या घरी जाईनात. "फुकट जेवत नाही मी," असं मला एकदा उगाचच म्हणाले. मला फार वाईट वाटलं आणि विभागप्रमुखांच्या इस्त्रीवर कॉफी सांडावी असंही वाटलं.

तर आता बसवनगुडी.

कुठल्याही अभ्यासाला तुलनेसाठी एक साधा भाग लागतो, जिथं तुम्ही शोधताय ती गोष्ट नाहीच. सरांनी बसवनगुडीतली एक गल्ली निवडली होती. कारखाना तिथं कधीच नव्हता. जुनी घरं, वकील, शिक्षक, कारकून, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेली काही मराठी घरं. त्यांची मराठी ऐकावी. "स्वल्प थांब गं, ऊटा करूनच जा," म्हणजे जरा थांब, जेवूनच जा. आम्हा पुणेकरांना त्या भाषेचं हसू येतं आणि मग जेवायला वाढलं की ते जातं. इथं कुकरची युक्ती चालायची नाही, कारण घरं आतल्या बाजूला, शिट्टी रस्त्यावर ऐकू येत नाही. म्हणून सर थेट जायचे. आणि पक्षपात नको म्हणून घराची निवड चिठ्ठी टाकून. सकाळी पिशवीतून चिठ्ठी काढायची, जो नंबर येईल त्या घराची कडी साडेअकराला वाजवायची. दिवससुद्धा ठरलेला नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र.

त्या गल्लीतल्या पहिल्या घरच्या अक्का ही सरांची मोठी ओळख. सत्तरी ओलांडलेल्या, नाकात चमकी, कानांनी तिखट. त्या सरांना मेष्ट्रु म्हणायच्या. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. प्राध्यापक वगैरे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात लसूण शिरत नसे. सर आले की त्या पहिल्यांदा पिशवीकडं बघायच्या आणि स्वयंपाकघराबाहेरच्या खिडकीकडं बोट दाखवायच्या. चटणीची बाटली त्या खिडकीत ठेवायची. जेवताना सर मध्येच उठायचे, खिडकीशी जाऊन ताटात चटणी वाढून घ्यायचे, परत येऊन बसायचे. अक्का तोंड दुसरीकडं करून बसायच्या. यात दोघांनाही काही गैर वाटायचं नाही.

सुरुवातीच्या वर्षांत ही गल्ली सरांना हवी तशी वागली. साडेअकराला कुणीच जेवत नव्हतं, सगळ्यांचं एकच्या पुढं. सरांच्या नकाशावर तिथं कोरी जागा. मग हळूहळू काय झालं कुणास ठाऊक, एकेका घरात साडेअकराला ताटं दिसायला लागली. मी पीएचडीला लागले तोवर अख्खी गल्ली साडेअकराला जेवत होती. नकाशावर साडेअकराच्या रेषेनं तिथं असा गोल वेढा घातला होता की पंख्यांच्या कारखान्याभोवतीही तसा नव्हता.

दुसरा माणूस घाबरला असता. सर हरखून गेले. "अगं, म्हणजे इथं एक कारखाना होता आणि तो आपल्याला ठाऊकच नाही," म्हणाले. तेव्हापासून त्यांनी तो कारखाना शोधायला घेतला. एकदा वाटलं उदबत्त्यांचा असेल. मग काडेपेट्यांचा. एका घराच्या मागं दगडी हौद सापडला, त्याच्यात सर स्वतः उतरले आणि तळाचा वास घेऊन वर आले. घरमालक म्हणत होता, तो म्हशीचा हौद आहे. सर म्हणाले, "म्हैस नंतर आली असेल." त्यांची निवृत्ती जवळ आली होती. निरोपाच्या व्याख्यानात ते हा नकाशा मांडणार होते. विभागप्रमुख पहिल्या रांगेत बसणार होते. आणि माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण याच नकाशावर उभं होतं. तेव्हा कारखाना सापडला पाहिजे हे सरांच्या इतकंच मलाही वाटत होतं. मीसुद्धा त्या म्हशीवर संशय घेऊ लागले.

व्याख्यानाला थोडे दिवस राहिले आणि सरांना ताप आला. एक शेवटची फेरी राहिली होती. मला म्हणाले, तू जाऊन ये. मी साडेअकराला गल्लीत शिरले. अक्का दारातच उभ्या होत्या. माझ्या मागं बघायला लागल्या.

"मेष्ट्रु एल्ली?" म्हणाल्या. म्हणजे कुठं.

"सर आज येणार नाहीत, अक्का. ताप आलाय त्यांना."

अक्का दोन पावलं रस्त्यावर आल्या, तोंडाशी हात धरला आणि समोरच्या घराला हाक घातली, "आज येत नाहीत गं. गॅस बंद कर."

समोरच्या घरातून तीच हाक पुढं गेली. तिथून पुढच्या घरात. कुणी मराठीत, कुणी कानडीत. एक तमिळ घर होतं, तिथून तमिळमध्ये. गल्लीच्या टोकापर्यंत गॅस बंद होत गेले आणि मी मध्ये कागद-पेन्सिल धरून उभी.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही साडेअकराला का जेवता?"

"आम्ही कशाला जेवतोय? भूक कुणाला असते या वेळेला?" अक्का म्हणाल्या. "ते येतात. एकट्या माणसाला वाढायचं आणि आपण बघत बसायचं काय? बरं दिसतं काय ते? म्हणून आपणही स्वल्प बसायचं."

"पण सगळी गल्ली?"

"मग काय करायचं? कधी, कुणाच्या घरी येतील ते सांगत नाहीत की. चिठ्ठी टाकतात म्हणे. सगळ्यांनी करून ठेवायला नको?"

मी त्यांच्या पायरीवर मटकन बसले. अक्कांना वाटलं मलाही ताप आलाय, त्यांनी पाणी आणून दिलं.

सरांना कसं सांगायचं हा प्रश्नच होता. न सांगता चालणार नव्हतं, कारण व्याख्यानात कुणी उठून बसवनगुडीत फोन लावला असता तर गेलंच सगळं. ताप उतरल्यावर मी त्यांना संस्थेजवळच्या दर्शिनीत गाठलं. तिथं उभ्यानंच खायचं असतं, तेवढंच बरं, माणूस फार वेळ गप्प बसू शकत नाही. बाय-टू कॉफी घेतली आणि सांगून टाकलं. हाक, गॅस, चिठ्ठी, सगळं.

सरांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे त्या माझ्यासाठी रांधालत्या."

"हो सर."

"सगळ्या?"

"सगळ्या. तमिळ घरसुद्धा."

"आणि मी काडेपेटीचा कारखाना शोधालोय." ते स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, परत काढला. "म्हणजे तो म्हणतो ते खरंच की. खानावळ."

तो म्हणजे विभागप्रमुख. मी म्हटलं, "सर, बसवनगुडी नकाशातून काढून टाकू. बाकीचा नकाशा बरोबरच आहे ना."

"तुलनेचा भाग काढलास तर बाकीच्याला कोण विचारतो? आणि काढायचं कशाला? दिसलंय ते दिसलंय." कॉफी तशीच टाकून गेले. सरांना कॉफी टाकताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटायच्या ऐवजी त्यांच्यासाठी भीती वाटली.

व्याख्यानाच्या दिवशी हॉल भरला होता. विभागप्रमुख पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीत. सरांनी नकाशा पडद्यावर लावला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बसवनगुडीचा गोल वेढा होता तिथंच होता, उलट त्याला लाल रंग दिलेला. सर इंग्रजीत बोलत होते. कारखाने, जमिनी, रेषा, सगळं झालं. मग छडी त्या लाल वर्तुळावर ठेवून म्हणाले, "आता ही माझी चूक. इथं एक कारखाना आहे. मी तो बरीच वर्षं शोधत होतो. मागच्या आठवड्यात माझ्या विद्यार्थिनीला सापडला. तो अजून चालू आहे आणि तुमच्यासमोर उभा आहे."

हॉलमध्ये आधी कुणाला कळेना. मग सरांनी चिठ्ठ्यांपासून गॅस बंद होईपर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, म्हशीचा हौदसुद्धा सांगितला. लोक इतके हसले की माईक थरथरला. हसणं थांबल्यावर विभागप्रमुख उठले. म्हणाले, "म्हणजे सर, तुम्ही स्वतःचाच डेटा खाल्लात."

"होय," सर म्हणाले, "आणि चांगला झाला होता."

पुन्हा हशा. पण सर हसत नव्हते. ते म्हणाले, बंद कारखान्यांचा अभ्यास करताना आमची एकच अडचण असते. आम्ही नेहमी उशिरा पोचतो. कारखाना कधी सुरू झाला, लोकांची वेळ कधी बदलली, आम्हाला कुणीतरी ऐकीव सांगतं. इथं मात्र पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी आहेत. आधी गल्ली एकला जेवत होती, मग कारखाना आला, मग साडेअकराला जेवू लागली. आता या महिनाअखेर हा कारखाना बंद होतोय, निवृत्त होतोय. बंद झाल्यावर वेळ टिकते की जाते, हे पहिल्यांदाच डोळ्यांदेखत बघता येईल. "ते बघायचं काम तिचं," असं म्हणून त्यांनी छडी माझ्याकडं केली. हॉलनं टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुखांनीही वाजवल्या, जरा उशिरा. माझं चौथं प्रकरण वाचलं आणि वर पाचवं गळ्यात पडलं.

टाळ्यांच्या गडबडीत एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. ती सरांनी बाहेर जिन्यात सांगितली. "म्हणजे आता मला तिकडं जायला नको. कधीच. कारखाना बंद म्हणायचं आणि मालकानं गेटवर जाऊन जेवायचं, असं चालत नाही."

"सर, निदान निरोप घ्यायला तरी?"

"निरोपाला गेलो तर त्या पंगत घालतील. मग नोंद कशी करशील?" ते म्हणाले आणि जिन्यावरून भराभर उतरून गेले. महिनाअखेरीला बेळगावला भावाकडं निघून गेले. अक्कांना मी जाऊन सांगितलं. सर शेवटच्या खेपेला खिडकीत विसरलेली चटणीची बाटली त्यांनी तिथंच राहू दिली.

पुढं मला मात्र आत जायची मनाई होती. मी गेले की मीच नवा कारखाना. म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी नारळवाल्याच्या गाडीआड उभी राहून बघायची. स्वयंपाकाचा वास, दारात धुवायला काढलेली ताटं. पहिले काही आठवडे वेळ लांबत गेली, पार एकच्या पुढं गेली. मी बेळगावला फोन करून सांगायची, सर "बरं" म्हणायचे. आवाज उतरलेला असायचा, पण शास्त्र म्हणून बरं म्हणायचे. मग एक दिवस साडेअकराला अक्कांच्या घरून फोडणीचा वास आला. थोड्या दिवसांनी समोरच्या घरून. पावसाळा सरेस्तोवर गल्ली आपली आपण परत साडेअकरावर आली. कुणी येणार नव्हतं, कुणासाठी रांधायचं नव्हतं, तरीही. फोनवर सांगितलं तर सर इतकंच म्हणाले, "बघ म्हणजे." पण ते सलग तीनदा म्हणाले.

परवा नारळवाला गाडी घेऊन आलाच नाही. मी उघडी पडले. अक्कांनी दारातून बघितलं आणि त्यांच्या त्या तिखट आवाजात म्हणाल्या, "किती महिने त्या गाडीमागं उभी राहतेस? आम्हाला दिसत नाही काय? ये आत."

"नको अक्का, चालत नाही."

"साडेअकराला दारात आलेलं माणूस जेवल्याशिवाय जातं काय? एकला बसलं तर आता डोकं दुखतं माझं, बस लवकर."

मी बसले. नाही कसं म्हणणार? संध्याकाळी बेळगावला फोन लावला आणि सांगून टाकलं, "सर, आजची नोंद बाद धरावी लागेल. मी आत जाऊन जेवले."

मला वाटलं, आता झाडतात.

"काय होतं?" सर म्हणाले.

"डाळीची हुळी, भात, गवारीची भाजी. आणि चटणी."

"कसली?"

"शेंगदाण्याची. तुम्ही येईनासे झाल्यापासून अक्का स्वतः करतात. तुमच्याच बाटलीत."

"लसूण घातलाय काय?"

"नाही सर. अक्का कसा घालतील?"

"मग ती माझी नव्हे. त्यांना सांग... नको. काही सांगू नकोस. आपण सांगितलं म्हणजे प्रयोग बिघडला. त्या आपल्या आपण काय करतील ते करू देत."

"बरं सर."

मी फोन ठेवणार तेवढ्यात सर घाईनं म्हणाले, "स्वल्प लसूण घाला म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी सांगायला गेले.